गोदामातलं सत्तावीस क्विंटल सोयाबीन गेलं कुठं?

रेणाकाठचा | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

रेणापूरच्या बाजूला आमची छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. थोडं अनुदान, बरंच कर्ज, असं करून हजार टनी गोदाम उभं केलं. यंदा पहिल्यांदाच सभासदांचं सोयाबीन भाव वाढेल या आशेवर ठेवून घेतलं. (वाढला नाही. त्याचं रडगाणं वेगळं.)

ऑक्टोबर अखेरपासून नोव्हेंबर मध्यापर्यंत ६१ शेतकऱ्यांचे १,६४० कट्टे आले. आमच्या प्लॅटफॉर्म काट्यावर बेरीज ८१२ क्विंटल ४० किलो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सगळा माल चार गाड्यांतनं लातूरच्या एका ऑइल प्लँटला घातला. तिथल्या पावत्यांची बेरीज ७८५ क्विंटल १० किलो. कट्टे गाडीत चढताना मोजले, बरोबर १,६४०. म्हणजे पोतं एकही कमी नाही आणि २७ क्विंटल ३० किलो माल मात्र नाही. ४,४०० च्या भावानं एक लाख वीस हजार रुपये.

परवाच्या बैठकीत दोन संचालक गोदामपालाला काढा म्हणायलेत. गोदामपाल म्हणजे आमचे मामा. मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) तीस वर्षं हमाली केली, गुडघे गेले तेव्हा आमच्याकडं आले. चावी त्यांच्याकडंच असते, म्हणून संशयही त्यांच्यावरच. मामा बैठकीत एवढंच म्हणाले, "मोजून घ्या." आणि बाहेर जाऊन बसले.

दुसरीकडं संभाजीनगरचा एक विक्रेता गोदामाचं सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागं लागलाय. ८५ हजार म्हणतो, वर दरवर्षी देखभाल. आठ दिवसांनी पुन्हा बैठक आहे. चोरी झाली की आमचाच हिशेब चुकला, हे कसं शोधायचं? आणि हरभरा यायच्या आत काय सुधारावं?

चहाटळ | रविवार, रात्री १०:५२

आधी हे सांगा, २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना ४,४०० नं विकलंच का?

रेणाकाठचा | रविवार, रात्री ११:०५

हमीभावाची नोंदणी ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर होते. ज्यांना जमलं त्यांनी केंद्रावर घातलं, उरलेलं आमच्याकडं आलं. त्यावर वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. इथं गोदामावरच बोलू.

हवा_माती_डागी | सोमवार, सकाळी ७:१५

मी ऑइल प्लँटच्या लॅबमध्ये आहे. (तुमचा माल घेतलेला प्लँट नव्हे, आधीच सांगून ठेवतो.) येताना हवा किती होती आणि जाताना किती होती, एवढे दोनच आकडे द्या. पोलीस मागनं बोलवा.

ज्यांना आमची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: हवा म्हणजे दाण्यातला ओलावा. सोयाबीनचा सौदा साधारण १०-२-२ वर ठरतो. हवा १०, माती-कचरा २, डागी दाणा २ टक्के. हमीभाव केंद्रावर हवेची मर्यादा १२ असते. २०२४ च्या हंगामात ओरड झाली तेव्हा केंद्र सरकारनं ती १५ पर्यंत सैल केली होती.

आता हिशेब. दिवाळीत आलेला माल ओला असतो. आपल्याकडची थंडी कोरडी, चार महिन्यांत थप्पीतलं पाणी उडून जातं. कट्टे तेवढेच राहतात, वजन उतरतं. तुमचंच वाक्य पुन्हा वाचा, पोतं एकही कमी नाही. २७ क्विंटल ३० किलो भागिले १,६४० केलं की पोत्यामागं एक किलो ६६० ग्रॅम येतात. चोर आला तर पोती नेईल. रात्री बसून दर पोत्यातनं पावणेदोन किलो काढून पुन्हा तोंड शिवणारा चोर मला भेटला तर मी त्याला आमच्या प्लँटमध्ये नोकरी देईन, असा बारकाईचा माणूस मिळत नाही.

सूत्र असं: आलेलं वजन गुणिले (१०० वजा येतानाची हवा) भागिले (१०० वजा जातानाची हवा). उदाहरणार्थ १४ हवेचा १०० किलो माल १० वर आला. त्यात कोरडा दाणा ८६ किलो. ८६ भागिले ०.९० म्हणजे ९५ किलो ५६० ग्रॅम. घट ४ किलो ४४० ग्रॅम. पुष्कळ लोक १४ वजा १० बरोबर ४ धरतात आणि वरच्या ४४० ग्रॅमवर भांडत बसतात. हजार क्विंटलला ते साडेचार क्विंटल होतात.

थप्पीवरचा | सोमवार, सकाळी ९:३०

वर साहेबानं खरं सांगितलं. फक्त एक, पोत्यातनं थोडं थोडं काढता येतंय, परखी (नमुना काढायची टोकदार नळी) मारून. पण परखीनं एका टायमाला निघून निघून किती निघणार, मूठभर. २७ क्विंटल काढायला दिवाळी ते शिमगा परखीच मारावी लागंल.

मी नांदेडच्या मोंढ्यात टोळीचा मुकादम आहे. माल कमी भरला की पहिलं नाव हमालाचं घेतेत, दुसरं वॉचमनचं. काट्याचं नाव कुणी घेत नाही. तुमी काट्याला शिक्का कधी मारून घेतला? वैधमापनवाल्याकडनं वर्षाला पडताळणी करावी लागती. आणि काटा जिमिनीवर सरळ बसलाय का ते बघा. एका गोदामात एका पायाखाली विटंचा तुकडा हुता, दोन वर्षं.

अजून एक. पोती हूक लावून ओढली का? हूक नगं. ज्यूटला भोक पडतंय, थप्पी लावताना दाणा गळतंय, उंदराला वाट व्हती. आमच्या टोळीत हूक बंद केलाय म्हणजे केलाय.

वाळूजकर | सोमवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात स्टोअर बघतो. साडेचार हजार प्रकारचा माल. तुमचा एकच प्रकार, हेवा वाटतो.

माझीच एक फजिती सांगतो. नटबोल्टचं बिल यायचं किलोत, लाइनला द्यायचो नगात. नवीन पोरानं किलोचा आकडा नगाच्या रकान्यात आणि पुढच्या वेळी नगाचा किलोच्या रकान्यात टाकला. कॉम्प्युटरवर वर्षभर पुरतील इतके बोल्ट दिसत होते. एका रात्रपाळीला लाइनवरून फोन आला. बिनमध्ये हात घातला तर बोटं तळाला लागली. पहाटे चिकलठाण्याच्या एका ओळखीच्या कारखान्यातून दोन डबे उसने आणले तेव्हा लाइन चालली. चोरी नव्हती, कुणी खोटंही लिहिलं नव्हतं. फक्त मोजायचं माप दोन दारांवर दोन वेगळं होतं. तुमच्याकडंही आत येतानाचं माप आणि बाहेर जातानाचं माप एकच होतं का, हे तपासा. काटा वेगळा, बारदाना (रिकाम्या पोत्याचं वजन) धरायची रीत वेगळी, हवा वेगळी. मला तरी सगळं त्यातच दिसतंय.

पुढच्या वेळेसाठी. वर्षातून एकदा ३१ मार्चला सगळं मोजायचं ही पद्धत सोडा. तेव्हा फरक कळतो, कारण कळत नाही. आम्ही रोज वीस-पंचवीस वस्तू मोजतो. महागड्या महिन्याला एकदा, किरकोळ वर्षात एकदा-दोनदा. मोजणाऱ्याला वहीतला आकडा आधी दाखवत नाही. दाखवला की माणूस तोच आकडा मोजून आणतो, मीही आणला असता. आणि फरक निघाला की लगेच आकडा सारखा करायचा नाही. आधी मागच्या चार-पाच नोंदी उलगडायच्या.

तुमच्यासाठी सोपं आहे. एका थप्पीला एक नंबर, भिंतीवर रंगानं. थप्पीला टांगलेलं एक कार्ड: तारीख, कुणाचा माल, किती कट्टे आले, किती गेले, शिल्लक, सही. प्रत्येक थरात कट्टे सारखे ठेवले तर मोजणी म्हणजे नुसता गुणाकार.

खतवाला_अंबाजोगाई | सोमवार, दुपारी ३:०५

वाळूजकर, मापाचं अगदी खरं. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ची ४५ किलोची झाली. पुतण्या दुकानात नवीन होता, त्यानं टनाला वीसच गोण्या धरल्या. बसतात बावीस आणि वर थोडं. खतविक्रीच्या मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळवताना घरात महाभारत झालं. आता तो पुण्यात आयटीत आहे, तिथं कुणाची गोणी मोजतो देव जाणे.

बारकोड | सोमवार, संध्याकाळी ६:४०

माफ करा, पण २०२५ नंतरही कार्ड टांगा आणि वही लिहा म्हणताय? बारकोड लावा, गेटवर स्कॅन करा, मोबाइलवर साठा दिसेल. ८५ हजार काही फार नाहीत, एक लाख वीस हजार तर आत्ताच गेलेत.

वाळूजकर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

आमच्याकडं बारकोड आहेच, त्याशिवाय पानही हलत नाही. पण बारकोड पोतं मोजतो, पोत्यातलं पाणी मोजत नाही. यांचे तर १,६४० कट्टे तसेही जुळलेत. सॉफ्टवेअरनं २७ क्विंटलची तूट पडद्यावर लाल रंगात दाखवली असती, एवढंच. दोनचार वस्तूंच्या गोदामाला साधी एक्सेल पुष्कळ आहे. माल दारातनं आत आला त्याच तासात नोंद होते का, हे बघा. संध्याकाळी आठवून भरणार असाल तर आठ लाखांचं घेतलं तरी तेच.

बारकोड | सोमवार, संध्याकाळी ७:१८

बरं, त्याच तासाचा मुद्दा मान्य. बाकी मतं राखून ठेवतो.

रेणाकाठचा | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आज जे झालं ते सविस्तर सांगतो.

सकाळी आमच्या आवक पावत्या काढल्या. पावतीवर हवेचा रकाना आहे, पण ६१ पैकी १४ पावत्यांवरच भरलाय. घाईत ऑफिसातल्या पोरानं वजन लिहिलं आणि पुढची गाडी घेतली. मी म्हटलं, झालं, आता सूत्र असून उपयोग काय.

दुपारी गोदामात गेलो. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते, माझ्याशी बोलायची इच्छा दिसत नव्हती. मी विचारलं, "मामा, माल आला तेव्हा हवा कोण बघत होतं?" म्हणाले, "मीच की. मीटर दिलंय ना तुम्ही." मग आत गेले आणि मीटरच्या डब्याखालून एक वही आणली. नातीची जुनी शाळेची, पहिल्या दहा पानांवर पाढे. त्यानंतर पेन्सिलीनं आखलेले तीन रकाने: नाव, कट्टे, हवा. ६१ च्या ६१ नोंदी. काही नावांपुढं एक बारीक फुली. "ही फुली कशाची?" तर म्हणाले, "त्याचा माल हाताला गार लागला. त्याची थप्पी दाराकडं लावली, वारं लागावं म्हणून."

चार महिने ही वही तिथं होती आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी सगळं एक्सेलमध्ये भरलं. सगळ्यात कोरडा माल १०.९, सगळ्यात ओला १५.२. साधी सरासरी १२.३ आली. मग लक्षात आलं की वजनासकट सरासरी काढायला पाहिजे, ती आली १२.८. कारण ज्यांचा माल जास्त, त्यांनीच हार्वेस्टरनं रास करून वावरातनं थेट गाडी आणली. थोडं पिकवणाऱ्यांनी अंगणात चार दिवस वाळवून आणलं. प्लँटच्या पावत्यांवर जातानाची हवा सरासरी १०.६.

८१२.४० गुणिले ८७.२ भागिले ८९.४. उत्तर ७९२.४१. म्हणजे जवळजवळ वीस क्विंटल पाणी.

तरी सात क्विंटल उरतंच.

हवा_माती_डागी | मंगळवार, रात्री १०:०२

मामांना माझा नमस्कार सांगा. आमच्या लॅबात एमएस्सी झालेली पोरं फुली मारत नाहीत.

बारदान्याचं काय केलं होतं? ज्यूट होतं की प्लास्टिक?

रेणाकाठचा | मंगळवार, रात्री १०:१०

दोन्ही. ९१० ज्यूट, ७३० प्लास्टिक. वजन करताना सरसकट पोत्यामागं १०० ग्रॅम कापले. जास्त कापलं की सभासद कडता (वजनातली कपात) लावला म्हणून ओरडतात.

थप्पीवरचा | मंगळवार, रात्री १०:२५

सापडलं बघा तुमचं! ज्यूटचं रिकामं पोतं १०० ग्रॅमचं नसतंय हो. दहा पोती काट्यावर टाका. लोकाच्या भ्यानं कडता कमी लावला आन् पोत्याचं वजन सोयाबीनच्या भावानं घेतलं.

रेणाकाठचा | बुधवार, दुपारी १२:३०

टाकली. दहा ज्यूट पोती ६ किलो. दहा प्लास्टिकची १ किलो १०० ग्रॅम. काट्याचा शिक्का बघितला, जानेवारीत संपलाय. आवक झाली तेव्हा चालू होता, हे नशीब.

म्हणजे ज्यूटमागं अर्धा किलो जास्त धरला: ४५५ किलो. प्लास्टिकमागं १० ग्रॅम: ७ किलो. एकूण ४ क्विंटल ६२ किलो माल आमच्याकडं कधी आलाच नव्हता. खरी आवक ८०७.७८. तिला हवेचं सूत्र लावलं की यायला पाहिजे ७८७.९०. गेला ७८५.१०. फरक २ क्विंटल ८० किलो. त्यातलं झाडलोटीचं मातेरं दोन कट्ट्यांत भरून गोदामाच्या मागं ठेवलेलं सापडलं, ९० किलो.

शिल्लक तूट १ क्विंटल ९० किलो. गाडी काट्याचा आकडा दहा-दहा किलोनं सरकतो, चार गाड्यांत फार तर पन्नास-साठ किलो इकडंतिकडं. बाकीचं सांगता येत नाही. ८१२ क्विंटलवर पाव टक्क्याच्या आत आहे.

बँकेतली_नोकरी | बुधवार, दुपारी ४:१५

हिशेब आवडला. पण पुढच्या वेळी हे आधी कागदावर असू द्या. समजा या मालावर सभासदांनी तारण कर्ज घेतलं असतं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सोयाबीनला १८० दिवस, ६ टक्के व्याजानं. किंवा तुमचं गोदाम २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदवलेलं असतं आणि इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघाली असती. पावतीवर ८१२ क्विंटल लिहिलं की ८१२ द्यायची जबाबदारी गोदामाची. बँक पाणी उडालं हे ऐकून घेत नाही. म्हणून माल घेतानाच पावतीवर हवा लिहायची आणि हवा उतरल्यावर किती घट धरायची हे सभासदाच्या सहीनिशी ठरवायचं. तक्ता करून भिंतीला लावा: १५ ची १० झाली तर क्विंटलमागं इतकी, १२ ची १० झाली तर २ किलो २२० ग्रॅम.

गोळीवाली | बुधवार, रात्री ८:३०

नाव बघून घाबरू नका, परभणीत आमची औषधांची एजन्सी आहे. मला यातलं एकच सांगायचंय. सगळे म्हणतात जो माल आधी आला तो आधी काढा. आम्हाला हे महागात पडलंय. कंपनीकडून नंतर आलेल्या खोक्यांची मुदत आधीच्या खोक्यांपेक्षा चार महिने आधी संपत होती. पोरांनी शिस्तीत जुनी खोकी पुढं लावली, नवी मागं गेली आणि मागच्या मागं मेली. तेव्हापासून आमच्याकडं जो आधी मरणार तो आधी बाहेर. मुदत मोठ्या आकड्यात मार्करनं खोक्याच्या तोंडावर लिहितो, छापील अक्षर मांडणीवरून वाचता येत नाही.

रेणाकाठचे दादा, तुमच्या सोयाबीनला छापील मुदत नाही, पण १५ हवेचा माल आधी मरणार आणि ११ चा मागनं. मग ओला माल पहिल्या गाडीत का नाही घातला? बुरशी धरली असती तर थप्पीच गेली असती. मामांनी फुली मारून वेगळा लावला, तेच खरं मुदतीचं लेबल.

अवांतर: मे महिन्यात परभणीचा पारा ४३ ला जातो तेव्हा पत्र्याच्या गोदामात काय होतं हे ज्यानं अनुभवलं नाही त्यानं साठवणुकीवर भाषण देऊ नये. आमचे अर्धे पैसे एसीत जातात.

जालना_बियाणं | बुधवार, रात्री ९:४५

त्या मालातनं कुणी मिरगाला बियाणं म्हणून ठेवणार असेल तर तो कट्टा वेगळाच काढा. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं गाडीतनं आदळलं, उंच थप्पीत दबलं की दाणा दिसायला चांगला आणि उगवायला मेलेला. चार-पाच कट्ट्यांवर थर चढवू नका. पेरणीच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७० च्या वर उगवले तर ठीक. प्रमाणित बियाण्याची किमान अटही तीच, ७० टक्के.

सोनपेठकर | गुरुवार, सकाळी ८:००

हरभरा येणार म्हणताय तर भुंग्याचं काय करणार? आमच्याकडं सरळ गोळ्या टाकतात थप्पीत. पोत्याला एक.

हवा_माती_डागी | गुरुवार, सकाळी ८:२०

पोत्याला एक?? थांबा.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्यानं फुटते आणि १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. परवानाधारक माणसाशिवाय ती हाताळायची नसते. तो येतो, थप्पीवर जाड प्लास्टिक टाकतो, कडेनं वाळूच्या लांब पिशव्यांनी फट बंद करतो, टनाला दोन-तीन गोळ्या ठेवतो आणि पाच ते सात दिवस तिकडं फिरकू देत नाही. फट राहिली तर मोठे भुंगे मरतात, अंडी राहतात, महिन्यानं पुन्हा पीठ पडायला लागतं. मग लोक म्हणतात गोळ्यांत दम नाही आणि दुप्पट टाकतात.

रेणाकाठचे, तुमचा वॉचमन किंवा मामा रात्री गोदामाच्या खोलीत झोपतात का? झोपत असतील तर त्या दिवसांत त्यांची व्यवस्था गावात करा. हे विसरू नका.

थप्पीवरचा | गुरुवार, सकाळी १०:४०

आमच्या आज्याच्या टायमाला ज्वारीचं पेव असायचं जिमिनीत. उघडलं की लगेच उतरायचं नाही. दोन दिस तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. इझला तर माणूस उतरायचा नाही. तेवढी अक्कल त्या लोकाला हुती.

पर या गोळीचं कंदिलाला कळत नाही बरं का. तिथं कंदील सोडून बघू नका कुणी.

जालना_बियाणं | गुरुवार, सकाळी ११:१५

भुंगा निम्मा वावरातनं येतो, शेंगेवरच अंडी घालतो. निम्मा जुन्या बारदान्यातनं. रिकामी पोती गोदामात कोपऱ्यात रचून ठेवायची सवय मोडा. उन्हात टाका, झटका, वेगळ्या खोलीत ठेवा. हरभरा दातानं टकदिशी फुटला तरच आत घ्या. आणि थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब, खाली लाकडी फळ्या. भिंतीला टेकवली की मागं काय चाललंय ते उंदरालाच माहीत.

पाऊस चालू असताना हवा खेळती राहावी म्हणून शटर उघडं ठेवणारेही मी पाहिलेत. बाहेर ओलं असेल तर बंद, कोरडं असेल तर उघडं.

रेणाकाठचा | सोमवार, रात्री १०:१५

काल बैठक झाली. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण देतो.

मामांची वही मध्ये ठेवली, एक्सेल भिंतीवर दाखवली. काढा म्हणणाऱ्या दोघांपैकी एक जण वही चाळत राहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्यांनी विचारलं, "मग त्या एक क्विंटल नव्वद किलोचं काय?" मी सांगितलं, ते माहीत नाही, घट म्हणून लिहू. ते ठरावात तसंच लिहिलंय.

सॉफ्टवेअर यंदा नाही. बारकोड भाऊ, पुढच्या वर्षी विचारू. पावतीवर हवेचा रकाना रिकामा असेल तर पावती फाडायची नाही, असं ठरलं. ज्यूटला ६०० ग्रॅम, प्लास्टिकला ११०, फलक दाराशी लावलाय. त्यावर दोन सभासद आत्ताच भांडून गेले. त्यांना काट्यावर उभं करून रिकामी पोती मोजून दाखवली, तेव्हा गप्प बसले. काट्याच्या पडताळणीचा अर्ज दिलाय. थप्प्यांना नंबर पडलेत, कार्डं छापायला टाकलीत. हवेचा तक्ता बँकेतल्या ताईंनी, की दादांनी, सांगितला तसा करतोय.

मामांना बैठकीत बोलावलं होतं. आले, ऐकलं, चहा घेतला. अध्यक्षांनी विचारलं, मामा, तुम्हाला काही पाहिजे का? म्हणाले, "मीटरचा सेल संपलाय. डिसेंबरपासनं सांगतोय."

हरभऱ्याची पहिली गाडी गुरुवारी येतेय.

हवा_माती_डागी | सोमवार, रात्री १०:३१

सेल बदलला की लगेच वापरू नका, आकडा एखाद्या टक्क्यानं इकडंतिकडं दाखवू शकतो. दोन-तीन नमुने घट्ट डबीत भरून माझ्याकडं पाठवा, आमच्या ओव्हनशी जुळवून देतो. पैसे नकोत. मामांना सोबत आणलं तर बरं होईल.

रेणाकाठचा | सोमवार, रात्री १०:३८

बुधवारी सकाळच्या एसटीनं येतो, मामांना घेऊनच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.